वनस्पती पेशी आणि प्राणी पेशी: या चुका टाळा

सातवी-आठवीच्या पोरांची प्रयोगवही उघडायच्या आधीच मला माहीत असतं आत काय असणार ते. डावीकडे चौकोनी हिरवी पेशी, उजवीकडे गोल गुलाबी पेशी, खाली 'फरक स्पष्ट करा'चा तक्ता आणि त्या तक्त्यात त्याच त्या चुका, ज्या मागच्या बॅचनं केल्या, त्याच्या आधीच्या बॅचनं केल्या, आणि ज्यांनी फळ्यावर तक्ता लिहून दिला त्यांनीही बहुतेक शाळेत असताना केल्या असतील. आता कंटाळा आला बुवा सांगून सांगून, म्हणून एकदाचं सगळं लिहूनच टाकतो. मास्तरांसाठी पण आहे, पोरांसाठी पण आहे, आणि जे पालक रात्री नऊ वाजता 'उद्या मॉडेल न्यायचं आहे' ऐकून थर्माकोल शोधत फिरतात त्यांच्यासाठी तर आहेच.

या बहुतेक चुकांचं मूळ एकच आहे, आपण फरकापासून सुरुवात करतो. पोरांनी पेशी अजून नीट पाहिलेली नसते आणि आपण दोन रकाने आखून मोकळे होतो, मग पोरांना वाटतं की या दोन वेगळ्याच वस्तू आहेत आणि एकीकडे जे आहे ते दुसरीकडे नसलंच पाहिजे. खरं तर श्लायडेन नावाच्या शास्त्रज्ञानं १८३८ मध्ये सांगितलं की झाडं पेशींची बनलेली असतात आणि श्वान या दुसऱ्या शास्त्रज्ञानं १८३९ मध्ये तेच प्राण्यांबद्दल सांगितलं, म्हणजे या विषयातला मोठा शोध सारखेपणाचाच होता! पऱ्हाटी (कपाशीचं झाड) आणि पऱ्हाटीत शिरलेलं ढोर, दोघांच्याही पेशीत प्रद्रव्यपटल (पेशीचं पातळ आवरण, यालाच पेशीपटल किंवा नुसतं पटल म्हणतात) आहे, पेशीद्रव्य आहे, केंद्रक आहे, तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया), आंतर्द्रव्यजालिका, गॉल्गी संकुल, रायबोझोम सगळं आहे. ही यादी आधी पक्की करा. त्यावर वनस्पतीत भित्तिका (पटलाबाहेरची टणक भिंत), लवके (रंग किंवा साठा धरणारे कण, त्यातली हिरवी ती हरितलवके) आणि एक मोठी रिक्तिका (पाण्यानं भरलेली पिशवी) जास्तीची, आणि प्राण्यात तारककेंद्र (पेशी विभागताना कामी येणारं), जे फुलझाडांच्या पेशीत नसतं. संपला तक्ता.

'झाडाच्या पेशीत तंतुकणिका नसतात'

ही माझी सगळ्यात नावडती चूक, त्यामुळे हिच्यावर जरा लांब बोलणार आहे.

एका तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनीत मी परीक्षक होतो. आठवीतली एक पोरगी दोन मॉडेल घेऊन उभी होती आणि मॉडेल खरंच देखणी होती, प्राणी पेशीत तंतुकणिका म्हणून तिनं फल्लीची (भुईमुगाच्या शेंगांची) टरफलं अर्धी फोडून, आतून रंगवून चिकटवली होती, आतल्या घड्या सुतळीच्या. वनस्पती पेशीत मात्र टरफल एकही नाही, नुसती हिरव्या कागदाची हरितलवके. माझ्या सोबतच्या सरांनी विचारलं, "बेटा, रात्री ऊन नसते, मग झाड ऊर्जा कुठून आणते?"

"सर, रात्री झाड झोपते न."

"बरं, आणि मुळी? मुळीले तर दिवसाही ऊन नाही भेटत."

आता ती तिच्या सरांकडे पाहायला लागली. सर तिथेच उभे होते, ते पुढे आले आणि एकदम आत्मविश्वासानं म्हणाले, "प्राण्यात तंतुकणिका ऊर्जा तयार करतात, वनस्पतीत ते काम हरितलवक करते, मग वनस्पतीले तंतुकणिकेची गरज काहून?" मी म्हटलं सर, तुम्ही हे कुठं वाचलं, तर खिशातून गाईड काढून दाखवायला लागले, आणि त्यात खरंच समोरासमोर छापलं होतं, वनस्पती: हरितलवके, प्राणी: तंतुकणिका. गाईडवाल्यानं जागा वाचवायला दोन मुद्दे एका ओळीत कोंबले आणि सरांनी त्याचा एक मुद्दा केला. मॉडेलला दुसरं बक्षीस मिळालं, बाकीच्या परीक्षकांना फल्लीची टरफलं फार आवडली होती.

पोरीची चूक नाहीच यात. पण ही गोष्ट नीट समजून घ्या. हरितलवक उन्हात पाणी आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन साखर तयार करतं. ती साखर ऑक्सिजनच्या मदतीनं तोडून पेशीला वापरता येईल अशी ऊर्जा काढायचं काम मुख्यतः तंतुकणिकेत होतं, मग ती पेशी झाडाची असो की माणसाची. झाड दिवसाही श्वसन करतं आणि रात्रीही करतं. मुळीच्या, खोडाच्या आतल्या, बियांच्या पेशीत तर सहसा हरितलवकं नसतात, तिथं सगळा कारभार तंतुकणिकेवर.

आणि हे आपल्या पोरांना पुस्तकातून सांगायची गरजच नाही हो. काळ्या मातीच्या वावरात पाणी साचून राहिलं की पऱ्हाटी पिवळी पडते, मान टाकते, हे शेतकऱ्याच्या घरातल्या कोणत्याही पोट्ट्यानं पाहिलेलं असतं. विचारा त्याला, पाणी तर भरपूर आहे, मग झाड का मरतं? मातीतल्या पोकळ्यांमधली हवा पाण्यानं बाहेर काढली, मुळीच्या पेशींना ऑक्सिजन मिळेना, तंतुकणिकांचं काम अडलं, मुळी खचली आणि उभ्या पाण्यात झाड सुकलं. याच्यापेक्षा चांगला धडा कोणत्या चार्टात आहे?

माझी सवय अशी की या धड्याच्या आदल्या दिवशी दोन-तीन पोरांना घरून मटकी भिजवून, फडक्यात घट्ट बांधून, डब्यात अंधारात ठेवून आणायला सांगतो. मोड आलेल्या गाठोड्याच्या मधोमध बोट खुपसलं की कोमट लागतं. ऊन नाही, हिरवा रंग नाही, तरी गरम कसं? इथं तंतुकणिका हा शब्द पहिल्यांदा उच्चारायचा, त्याच्या आधी नाही. 'पेशीचं पॉवरहाऊस' हे वाक्य मी वर्गात बंदच केलंय, कारण ते पाठ झालं की पोरं पुढचा विचार थांबवतात.

'भित्तिका झाडाला, पटल प्राण्याला'

दुसरी लाडकी चूक. वनस्पती पेशीत भित्तिका आहे म्हणून पटल नाही असं निम्म्या वर्गाला वाटतं, आणि चित्रातही एकच जाड रेघ मारलेली असते. सायकलचं चाक आठवा: बाहेर टायर, आत ट्यूब. वनस्पती पेशीला टायर आणि ट्यूब दोन्ही, प्राणी पेशीला नुसती ट्यूब. उपमा मी एवढीच देतो, पेशी म्हणजे गाव आणि केंद्रक म्हणजे सरपंच वगैरे माझ्याकडे चालत नाही, पोरं सरपंचाचेच किस्से सांगत बसतात.

आता हे पटल दिसत का नाही? कारण ते आतून भित्तिकेला चिकटून असतं. दाखवायचं असेल तर साधी युक्ती आहे. लाल कांद्याची सुकी साल काढून टाका, आतल्या रसाळ पाकळीच्या बाहेरच्या बाजूनं जो जांभळट पापुद्रा निघतो तो घ्या (आतल्या बाजूचा पापुद्रा पारदर्शक असतो, तो या कामाचा नाही). काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवा, कव्हर स्लिप (वर ठेवायची पातळ काच) लावा आणि बघा, जांभळा रंग पेशीच्या कडेपर्यंत भरलेला. मग अर्धा कप पाण्यात चमचाभर मीठ विरघळवून त्याचे दोन-तीन थेंब कव्हर स्लिपच्या एका कडेला सोडा आणि दुसऱ्या कडेनं टिपकागदानं पाणी ओढून घ्या. थोड्याच वेळात जांभळा भाग आक्रसून आत सरकतो आणि भित्तिकेची चौकट मात्र जागच्या जागी राहते. त्या जांभळ्या भागाची जी कड आहे तिथं पटल आहे. लगेच साधं पाणी दिलं तर पुष्कळदा रंग परत पसरतो. हे एकदा पाहिलेलं पोरगं भित्तिका आणि पटलात आयुष्यात गोंधळ करत नाही, आणि खर्च काय, एक कांदा आणि चिमूटभर धीर. पण नाही, आपल्याला यूट्यूबवर दोन मिनिटांचा ॲनिमेशन व्हिडिओ लावून मोकळं व्हायचं असतं. व्हिडिओत पटल निळ्या रंगाचं चकाकतं, मग पोरं विचारतात सर खरं पटल निळं असते का.

भित्तिका काय कामाची, याचं उत्तर स्वयंपाकघरात आहे. सुकलेला सांबार (कोथिंबीर) पाण्याच्या ग्लासात उभा ठेवा, संध्याकाळपर्यंत ताठ. रिक्तिकेत पाणी भरलं, पटल भित्तिकेवर रेटलं गेलं, भित्तिकेनं धरून ठेवलं. रक्तातल्या लाल पेशी साध्या पाण्यात टाकल्या तर फुगून फुटतात, त्यांना भित्तिका नाही. (हे दाखवायला पोरांच्या बोटाला सुई टोचू नका. सांगितलं तरी समजतं.)

आणि भित्तिका हातात धरून पाहायची असेल तर यवतमाळ-अकोल्याकडच्या पोरांइतकं भाग्य कुणाचंच नाही. रुईचा (सरकी काढलेल्या कापसाचा) एक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवर वाढलेली एकच पेशी, अडीच-तीन सेंटीमीटर लांब! बोंड फुटून वाळलं की ती पेशी मेलेली असते, आतलं सगळं वाळून गेलेलं, उरते ती भित्तिका, आणि ती नव्वद टक्क्यांहून जास्त सेल्युलोज, म्हणजे झाडाची भित्तिका ज्याची बनते ते द्रव्य. म्हणजे बाप गाडीत भरून जिनिंगला नेतो तो माल म्हणजे ढीगभर पेशीभित्तिका. मी रुईचे दोन-चार तंतू पाण्याच्या थेंबात ठेवून दाखवतो, पिळ पडलेल्या फितीसारखे दिसतात, आणि वर्गात एकदम शांतता होते. रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञानं १६६५ मध्ये बुचाच्या कापात जे पाहिलं तेही हेच, मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भित्तिका.

भित्तिका असली म्हणजे वनस्पतीच, असंही लिहू नका. जीवाणूंना असते, बुरशीला असते. पावसाळ्यात निघणाऱ्या सात्या (रानातल्या अळंब्या, म्हणजे बुरशीच) आपण भाजीसारख्या खातो पण त्यांच्या भित्तिकेत कायटिन असतं, सेल्युलोज नाही, आणि त्या वनस्पती नाहीत.

कांद्याच्या पेशीत हिरवे ठिपके

आता हा किस्सा ऐकाच. प्रॅक्टिकलच्या दिवशी एक पोट्टा सगळ्यात आधी वही घेऊन आला. कांद्याच्या पापुद्र्याचं चित्र, सुबक, शेडिंग केलेलं, आणि प्रत्येक पेशीत हिरव्या स्केचपेननं सहा-सात हरितलवके, शिवाय गॉल्गी संकुल, तंतुकणिका, रायबोझोमचे ठिपके, सगळ्यांना नावं दिलेली. मी म्हटलं वा, हे सगळं मायक्रोस्कोपमध्ये दिसलं? "हाव सर." चल मग मला दाखव. त्याच्या मायक्रोस्कोपजवळ गेलो तर काचपट्टीवर कांदा कोरडाच, पाण्याचा थेंब नाही, आयोडीन नाही, कव्हर स्लिप अजून डबीतच.

"अरे, आतमध्ये तर काहीच नाही दिसून रायलं."

"मले बी नाही दिसलं सर, म्हणून चार्ट पाहून काढलं न."

प्रामाणिक होता बिचारा. आणि त्याला दोष काय द्यायचा, कारण मागच्या बाकावर पाच जण त्याचीच वही पाहून काढत होते, म्हणजे चार्टाची कॉपी, तिची कॉपी, आणि शेवटच्याच्या वहीत गॉल्गी संकुलाचं नाव केंद्रकाला लागलेलं. गंमत म्हणजे अशा वह्यांवर 'छान' असा शेरा मारलेलाही मी पाहिलाय.

कांदा जमिनीत वाढतो, त्याच्या त्या पांढऱ्या पापुद्र्यात हरितलवकं नसतात. असायचं कारणच नाही, तिथं ऊन कुठं? तंतुकणिका असतात, पण त्या साधारण एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीच्या किंवा त्याहून बारीक, शाळेच्या मायक्रोस्कोपमध्ये साध्या आयोडीनवर त्या ओळखू येत नाहीत. रायबोझोमला तर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो. कांद्यात तुम्हाला दिसणार काय? भित्तिकेच्या रेषा, पेशीद्रव्य, आणि केंद्रक, जे बहुतेक वेळा कडेला सरकलेलं असतं कारण मधली जागा रिक्तिकेनं व्यापलेली असते. बस. तीन-चार नावं, तेवढीच लिहायची. आयोडीन टाकल्यावर केंद्रक पिवळसर तपकिरी होतं. 'निळे-काळे झाले' असंही पोरं ठोकून देतात, कारण आयोडीन म्हटलं की स्टार्च हे डोक्यात बसलेलं. कांद्यात स्टार्चचे दाणे नसतात. निळं-काळं पाहायचं असेल तर बटाट्याचा पातळ खरवड घ्या, त्यातले दाणे म्हणजे स्टार्च साठवलेली बिनरंगी लवके.

माझा उपाय शास्त्रीय वगैरे नाही. प्रॅक्टिकलच्या दिवशी मी भिंतीवरचा पेशीचा चार्ट उलटा करून टांगतो, पुस्तकं दप्तरात, स्केचपेन जप्त. फक्त पेन्सिल. दिसलं ते काढा, नाही दिसलं तर 'दिसलं नाही' लिहा, त्याचेही मार्क देतो. सुरुवातीला काही पालक भांडायला आले की पोराच्या वहीत रंगच नाही.

हरितलवकं दाखवायचीच असतील तर हायड्रिला आणा. भंडारा-गोंदियाकडे मालगुजारी तलावांत ही पाणवनस्पती सहज मिळते, बाकीच्यांनी गावतळं पाहावं, नाहीतर फिशटँकच्या दुकानातून एक काडी आणावी. लोक तिला शेवाळ म्हणतात पण ती फुलझाड आहे. तिचं पान फक्त दोन पेशी जाडीचं असतं, त्यामुळे अख्खं पान थेंबात ठेवलं तरी चालतं, कापायचं नाही, रंग द्यायचा नाही. हिरवे गोळे स्वच्छ दिसतात, आणि थोडा वेळ उजेडात ठेवलं तर ते पेशीच्या कडेनं फिरतानाही दिसतात. त्या क्षणी पोरं रांग मोडतात, मोडू द्या.

बारकी बारकी पण रोजची

'प्राणी पेशीत रिक्तिका नसतात': असतात, लहान असतात. वनस्पतीच्या वाढलेल्या पेशीत मात्र एकच मोठी, कधी कधी पेशीची ५० ते ९० टक्के जागा खाणारी.

'प्रत्येक वनस्पती पेशी हिरवी': गाजर उपटून पाहा.

'वनस्पती पेशी चौकोनी, प्राणी पेशी गोल': चेतापेशी गोल असते का? स्नायूपेशी? ठरावीक आकार आणि अनियमित आकार असं लिहा, तेही 'सहसा' लावून.

संत्र्याच्या फोडीतला रसाचा एक लांबट दाणा म्हणजे एक पेशी, असं काटोल-वरुडकडची पोरं फार सांगतात. नाही बाबा, त्या एका दाण्यात कितीतरी पेशी असतात, आणि तो आंबट रस त्या पेशींच्या रिक्तिकेत असतो. एवढी मोठी एक पेशी पाहायची तर कोंबडीच्या अंड्यातला पिवळा बलक पाहा.

'रंग म्हणजे लवक': भिवापुरी मिरचीचा लाल, संत्र्याच्या सालीचा नारिंगी, हे वर्णलवकांमुळे. पण लाल कांद्याचा आणि वांग्याचा जांभळा रिक्तिकेतल्या पाण्यात विरघळलेला असतो. मघाच्या मिठाच्या प्रयोगात म्हणूनच तर तो एकत्र आक्रसला.

लयकारिका (लायसोझोम, पेशीतला पचवणारा भाग): हिच्यावरून मास्तर लोक एकमेकांशी भांडतात. सातवी-आठवीत 'प्राणी पेशीत ठळक' एवढं पुरे, वनस्पतीत पचवायचं बरंचसं काम रिक्तिका करते. याच्या पुढं पोरांना ताणू नका.

थर्माकोलचं चपटं मॉडेल पाहून पेशी पोळीसारखी सपाट असते असं वाटतं, तेव्हा एकदा तरी खोक्याचं करा.

मायक्रोस्कोप आणि घाई

आता घाईवाल्यांसाठी. काळी जाड कड असलेला एकदम गोल गरगरीत आकार दिसला की "सर भेटली पेशी!" अशी आरोळी येते. तो हवेचा बुडबुडा आहे. दरवर्षी आहे. कव्हर स्लिप वरून धपकन टाकली की बुडबुडे येणारच, एक कड आधी टेकवायची आणि सुईच्या आधारानं हळूहळू खाली सोडायची. पापुद्रा दुमडला असेल तर ब्रशनं सरळ करा, दोन थर एकावर एक आले की पेशीत पेशी दिसते आणि पोरं तेही काढतात.

थेट ४५ च्या भिंगावर जाऊ नका. आधी १० चं लावा, तेवढ्यावरही कांद्याच्या पेशी मस्त दिसतात, मग मोठं. आणि मोठ्या भिंगावर असताना मोठा नॉब हातात घेतला तर काचपट्टी फुटते, कट्ट असा आवाज येतो, मी तो आवाज वर्गाच्या दुसऱ्या टोकावरून ओळखतो. खाली आणताना डोळा बाजूनं भिंगावर ठेवायचा, नळीतून पाहत खाली आणायचं नाही. मोठ्या भिंगावर वापरा फक्त बारीक नॉब. शाळेत धड चालणारा मायक्रोस्कोप एखादाच असतो, त्याचं भिंग ओरखडलं की पुढच्या अनुदानापर्यंत सगळ्या वर्गाला धुकं.

लाइट गेली की आपण आरसेवाला मायक्रोस्कोप काढतो, चांगलंच आहे, पण आरसा कधीही थेट सूर्याकडे करायचा नाही, डोळा जाऊ शकतो. खिडकीतून दिसणाऱ्या मोकळ्या आकाशाकडे करा. ही एक चूक मी हसण्यावारी नेत नाही, पोरगं आरशाशी खेळताना दिसलं की त्या दिवशी त्याचं प्रॅक्टिकल बंद.

उन्हाळी वर्गात काचपट्टी बघता बघता वाळते, आपल्याकडचं ऊन माहीतच आहे. पाण्यात थोडं ग्लिसरीन मिसळा, मेडिकलमध्ये मिळतं.

आयोडीन नाही, मिथिलिन ब्लू नाही, म्हणून प्रयोगच नाही केला, हे कारण मला सांगू नका. टिंक्चर आयोडीन मेडिकलमध्ये असतं, पाणी घालून फिकं करून वापरा. मिथिलिन ब्लू फिशटँकच्या दुकानात माशांचं औषध म्हणून मिळतं.

गालाच्या पेशी

प्राणी पेशी पाहायला गालाच्या आतल्या पेशी सगळ्यात सोप्या, पण इथंही लोक घाण करून ठेवतात. आधी खळखळून चूळ भरायची. का सांगतो, कारण एकदा एका मोठ्या पोराच्या स्लाइडवर विचित्र तपकिरी तुकडे दिसत होते, बाकी पोरं "सर, हे कोणतं अंगक?" म्हणून विचारत होती आणि तो पोट्टा खाली मान घालून उभा. तो खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) होता. मग पेशीचा धडा बाजूला राहिला आणि खर्ऱ्यावर तास झाला, आणि खरं सांगू, तो तास जास्त गरजेचा होता.

टूथपिकचं बोथट टोक, गालाच्या आत हलकंच फिरवायचं, रक्त येईपर्यंत खरवडायचं नाही. काचपट्टीवर पुसा, मिथिलिन ब्लूचा एक थेंब, मिनिटभर थांबा, कव्हर स्लिप, जास्तीचा रंग टिपून घ्या. रंग जास्त झाला की सगळं निळंभोर आणि केंद्रक दिसत नाही, थेंब म्हणजे थेंबच. पातळ, वेड्यावाकड्या कडांच्या पेशी दिसतील, काही दुमडलेल्या, आणि गडद केंद्रक बहुतेक मधल्या भागात. आता कांद्याची स्लाइड पुन्हा पाहायला लावा. भित्तिका आहे-नाही, केंद्रक कडेला की मध्ये, पेशी विटांसारख्या रचलेल्या की विखुरलेल्या, हे पोरं स्वतःच सांगतात, तुम्ही गप्प बसायचं. हे गप्प बसणं मास्तरांना सगळ्यात जड जातं.

ज्याची टूथपिक त्याचीच, दुसऱ्यानं वापरायची नाही, आणि वापरून झाली की थेट कचऱ्यात.

तक्ता लिहिताना

पेपरात मार्क जातात ते इथं. डाव्या रकान्यात 'भित्तिका असते' आणि त्याच ओळीत उजवीकडे 'केंद्रक मध्यभागी असते', आता हा कशाचा फरक झाला? दोन्ही वाक्यं बरोबर, उत्तर चूक. माझी पोरं आधी मधोमध मुद्द्यांचा एक बारीक रकाना आखतात: भित्तिका, लवके, रिक्तिका, केंद्रकाची जागा, तारककेंद्र. मग प्रत्येक मुद्द्यावर दोन्हीकडे लिहायचं, एकीकडे 'असते' तर दुसरीकडे 'नसते' किंवा 'लहान असते', पण लिहायचंच, जागा कोरी सोडायची नाही आणि '---' असं तर अजिबात नाही. चित्र मागितलं असेल तर पेशीपटल आणि भित्तिकेसाठी दोन वेगळ्या रेघा, आणि नाव देणारी रेघ भागाला टेकलेली, हवेत सोडलेली नाही. तपासणारा घाईत असतो, त्याला अंदाज करायला लावलं की तो मार्क कापूनच पुढं जातो.

आणि ती टरफलं वनस्पतीच्या मॉडेललाही लावा.